लहरींकडून जोडण्यांकडे : इंटरनेट रेडिओच्या सर्व्हरची उभारणी

२७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ हे भूमिगत केंद्र सुरू झाले. केंद्राची पहिली जागा होती चौपाटीवरची ‘सी व्ह्यू’ इमारत. तरंगलांबी ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी प्रक्षेपक घेऊन लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव, महालक्ष्मी अशा जागा बदलत राहिले, कारण दिशाशोधक यंत्रे बसवलेल्या पोलिसांच्या गाड्या मागावर होत्या. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि केंद्र बंद झाले. अडीच महिने चाललेल्या या केंद्राची तांत्रिक मांडणी आजही अभ्यासावी अशी आहे. प्रक्षेपण एकीकडे आणि ध्वनिमुद्रण दुसरीकडे, अशी कामांची विभागणी त्या मंडळींनी केली होती. यंत्रसामग्रीसाठी ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांची मदत होती.

त्या केंद्राचे तीन गुणधर्म लक्षात घेतले, की इंटरनेट रेडिओचे शास्त्र समजायला सोपे जाते. पहिला : प्रक्षेपकाला किती वीज लागते, याचा श्रोत्यांच्या संख्येशी संबंध नव्हता. दहा जणांनी ऐकले काय आणि दहा हजारांनी ऐकले काय, खर्च तोच. दुसरा : ऐकणाऱ्याचा कुठेही माग राहत नव्हता. तिसरा : बोलणाऱ्याचा मात्र राहत होता, कारण लहर जिथून निघते ती दिशा मोजता येते.

आज गिरगावातल्या एखाद्या वाचनालयाने, दादरच्या एखाद्या नाट्यसंस्थेने किंवा लालबागच्या गणेशोत्सव मंडळाने स्वतःचा इंटरनेट रेडिओ काढायचा म्हटला, तर यातले पहिले दोन गुणधर्म सरळ उलटतात. इथे प्रत्येक श्रोता म्हणजे एक स्वतंत्र जोडणी असते आणि सर्व्हरला त्या प्रत्येकासाठी ध्वनीची वेगळी प्रत पाठवावी लागते. श्रोते वाढले की खर्च वाढतो. शिवाय प्रत्येक श्रोत्याचा आयपी पत्ता आणि ऐकण्याची वेळ सर्व्हरच्या नोंदवहीत आपोआप लिहिली जाते. वायुलहरींचा परवाना लागत नाही, ही मोठीच मोकळीक. पण ती मिळाल्यावर गणित बदलते, आणि ते न मांडता यंत्रे विकत घेणारी केंद्रे लवकर थकतात.

माझे म्हणणे असे आहे, की सर्व्हर हा या उभारणीतला सर्वांत सोपा आणि सर्वांत स्वस्त भाग आहे. केंद्र टिकते किंवा कोलमडते ते मायक्रोफोनपासून सर्व्हरपर्यंतच्या पहिल्या टप्प्यावर. नव्याने उतरणारी मंडळी मात्र बहुधा सर्व्हरवर महिनाभर चर्चा करतात आणि मायक्रोफोनची वायर आदल्या संध्याकाळी आणतात.

तीन कामे, तीन जागा

इंटरनेट रेडिओत तीन घटक असतात. ध्वनी घेऊन त्याचे कोडीकरण करणारा सोर्स, तो प्रवाह स्वीकारून वाटणारा सर्व्हर, आणि श्रोत्याचा प्लेअर. सोर्ससाठी लॅपटॉप आणि ‘बट’सारखा लहान मोफत प्रोग्राम पुरतो. सर्व्हरसाठी ‘आइसकास्ट’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. १९९८-९९ च्या सुमारास ते जन्माला आले आणि आता झिफ संस्थेच्या छत्राखाली चालते. नलसॉफ्टचा ‘शाउटकास्ट’ हा सर्व्हरही त्याच काळातला. त्याआधी, ७ नोव्हेंबर १९९४ पासून, अमेरिकेतल्या चॅपल हिलचे ‘डब्ल्यूएक्सवायसी’ हे विद्यार्थ्यांचे केंद्र इंटरनेटवरून ऐकू येऊ लागले होते. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

सोर्स गिरगावातच हवा, कारण माणसे तिथे आहेत. सर्व्हर मात्र तिथे ठेवू नये. वाचनालयाच्या कपाटात जुना संगणक ठेवून त्यावर आइसकास्ट चालवण्याचा मोह होतो, आणि त्यात तीन अडचणी आहेत. घरगुती फायबर जोडणीला बहुतेकदा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या श्रोत्याला आपला संगणक सापडत नाही. दुसरे, श्रोत्यांना लागणारा वेग हा अपलोडचा असतो आणि बऱ्याच योजनांत तो डाउनलोडपेक्षा कमी दिलेला असतो. तिसरे, वीज आणि पाणी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराचा मोठा भाग अंधारात गेला, बेस्टच्या हद्दीतले शहरही त्यातून सुटले नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात परळ-दादरच्या सखल भागात तळमजल्यांत पाणी शिरले होते. हिंदमाता परिसरातल्या लोकांना यात नवे काही सांगायला नको. डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या आभासी सर्व्हरला ही दुखणी नसतात. सोर्सला फक्त बाहेर जाणारी एक जोडणी लागते, ती कोणत्याही घरगुती फायबरवरून उघडता येते. म्हणूनच ही विभागणी नैसर्गिक आहे.

श्रोत्यांचे गणित

समजा प्रवाह ६४ किलोबिट प्रतिसेकंद वेगाचा आहे. म्हणजे सेकंदाला ८,००० बाइट, तासाला २८.८ मेगाबाइट, आणि हे एका श्रोत्यामागे. एकाच वेळी दोनशे जण ऐकत असतील तर सर्व्हरला १२.८ मेगाबिटचा वेग बाहेर लागतो. जोडणीच्या व्यवस्थेसाठी लागणारे काही टक्के यात वेगळे धरावेत.

इथे दोन मोजमापे निराळी ठेवायला हवीत : महिन्याचा एकूण डेटा आणि गर्दीच्या क्षणाचा वेग. दिवसरात्र सरासरी पन्नास श्रोते असलेले शांत केंद्र तीस दिवसांत सुमारे १,०३७ गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटहून थोडे अधिक पाठवते. पण त्याला वेग लागतो अवघा ३.२ मेगाबिट. उलट, गणेशोत्सवातले एक व्याख्यान तीन तास हजार लोकांनी ऐकले, तर डेटा होतो ८६.४ गिगाबाइट आणि वेग लागतो ६४ मेगाबिट. पहिल्या केंद्राचे बिल मोठे, दुसऱ्याची शिखरमागणी मोठी. मोठ्या क्लाउड कंपन्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गिगाबाइटचे पैसे मोजून घेतात, त्यामुळे त्यांचा सर्व्हर स्वस्त दिसला तरी रेडिओला तो महाग पडतो. लहान केंद्राने ठरावीक मासिक भाड्यात भरपूर डेटा देणारा साधा आभासी सर्व्हर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर आणि मेमरीबद्दल मात्र फार विचार करायचे कारण नाही. आइसकास्ट ध्वनीचे कोडीकरण करत नाही, आलेले बाइट तो जसेच्या तसे पुढे देतो. प्रवाहाचा साठा मेमरीत एकदाच ठेवला जातो आणि सगळे श्रोते तोच वाचतात. एक-दोन गिगाबाइट मेमरीचा सर्व्हर कित्येक शे श्रोत्यांना आरामात पुरतो. अडते ते दोन ठिकाणी. आइसकास्टच्या मूळ संरचना-फाइलमध्ये श्रोत्यांची मर्यादा १०० लिहिलेली असते, ती वाढवावी लागते. आणि ती ५,००० केली तरी लिनक्समध्ये एका प्रोग्रामने एका वेळी किती फाइली व जोडण्या उघडाव्यात याची मर्यादा पुष्कळदा १,०२४ असते. मग हजाराच्या आसपास पोचल्यावर नवे श्रोते नाकारले जातात आणि कारण कुठेच ठळकपणे दिसत नाही. ऐन सोहळ्याच्या दिवशीच ही मर्यादा आडवी येते, कारण इतर दिवशी तिथवर कोणी पोचतच नाही. त्याच फाइलमध्ये सोर्स, रिले आणि व्यवस्थापक असे तीन पासवर्ड असतात. नमुना म्हणून दिलेले शब्द जगजाहीर आहेत. ते न बदलता सर्व्हर सुरू केला, तर कोणीही परका आपल्या केंद्रावरून बोलू शकतो.

श्रोता जोडला जातो तेव्हा

हा क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. श्रोत्याने दुवा दाबला की फोन सर्व्हरशी जोडणी उघडतो आणि माउंट पॉइंटचे, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या प्रवाहाच्या पत्त्याचे, नाव सांगून प्रवाह मागतो. आइसकास्ट आधी ध्वनीचा प्रकार, केंद्राचे नाव, बिटरेट अशी माहिती देतो आणि लगोलग मागचा साठवलेला ध्वनी एकदम सोडतो. मूळ मांडणीत हा पहिला लोट ६५,५३५ बाइटचा असतो. ६४ किलोबिटच्या प्रवाहात तो सुमारे आठ सेकंदांचा ध्वनी होतो, १२८ किलोबिटला चार सेकंदांचा, आणि २४ किलोबिटच्या भाषण-प्रवाहात जवळजवळ बावीस सेकंदांचा. हा साठा इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखा काम करतो : खालचा पुरवठा क्षणभर खंडला तरी नळ वाहत राहतो. किंमत एवढीच, की श्रोता तितके सेकंद मागे असतो. आरतीचा आवाज खिडकीतून आधी येतो आणि फोनमधून नंतर, याचे कारण हेच. विलंब कमी करायच्या हट्टाने हा लोट बंद करू नये. रेडिओ ऐकणाऱ्याला दहा सेकंदांचा उशीर खुपत नाही, तुटक आवाज खुपतो.

पुढे प्रवाह चालू असताना गाण्याचे नाव पोचते कसे? प्लेअरने मागितले असेल तर दर १६,००० बाइटनंतर सर्व्हर मजकुराचा एक तुकडा मध्येच घालतो. तुकड्याचा पहिला बाइट लांबी सांगतो, सोळाच्या पटीत. म्हणजे जास्तीत जास्त ४,०८० बाइट. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते, तरी नाटकाचे, रागाचे, गायकाचे नाव लिहूनही जागा उरते. पण एमपी३ प्रवाहासाठी आइसकास्ट हा मजकूर लॅटिन लिपीच्या जुन्या संचातला आहे असे गृहीत धरतो. माउंटच्या मांडणीत यूटीएफ-८ असे स्पष्ट नमूद केले नाही, तर श्रोत्याच्या पडद्यावर मराठी नावाऐवजी अगम्य चिन्हांची रांग उमटते. एका ओळीचा हा बदल न केल्याने अनेक मंडळी हताश होऊन गाण्यांची नावे रोमन लिपीत लिहायला लागतात. तसे करायची काही गरज नाही.

फोनचे नेटवर्क मंद झाले की श्रोता मागे पडत जातो. तो ५,२४,२८८ बाइटहून अधिक मागे राहिला, म्हणजे ६४ किलोबिटला सुमारे पासष्ट सेकंद, की आइसकास्ट त्याची जोडणी तोडतो. घरी बसून ऐकणाऱ्याला हे क्वचितच जाणवते. दादरहून विरारला लोकलने जाणाऱ्याला मात्र जाणवते, कारण वायफायवरून मोबाइल डेटावर जाताना फोनचा पत्ताच बदलतो आणि जुनी जोडणी मरते. अशा श्रोत्यांसाठी ‘एचएलएस’ ही पद्धत बरी. तिच्यात ध्वनीचे काही सेकंदांचे तुकडे फाइली म्हणून ठेवलेले असतात. फोन एकामागून एक तुकडा मागतो, मग जोडणी कुठलीही असो. विलंब वाढतो, मांडणी थोडी किचकट होते. मी आधी आइसकास्ट उभा करावा असेच सुचवेन, आणि श्रोते गाडीत ऐकतात असे दिसले तर एचएलएसची जोड द्यावी.

आणखी एक व्यावहारिक बाब. आइसकास्टचे नेहमीचे पोर्ट ८००० आहे, आणि अनेक कार्यालयांच्या जाळ्यांत ते बंद असते. शिवाय सुरक्षित संकेतस्थळाच्या पानावर असुरक्षित प्रवाह वाजवायला आजचे ब्राउझर तयार नसतात. म्हणून पुढे ‘एनजिनेक्स’ हा वेब-सर्व्हर ठेवून ४४३ पोर्टवरून प्रमाणपत्रासह प्रवाह द्यावा. ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे प्रमाणपत्र फुकट मिळते, ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे ना, एवढे पाहावे.

सोर्स : खरी परीक्षा

आता गिरगावातल्या सभागृहात येऊ. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालतो. अशा उत्सवातले व्याख्यान प्रसारित करायचे आहे असे धरू. ध्वनिक्षेपकवाल्याचा मिक्सर आहे, त्यातून एक वायर लॅपटॉपकडे आणायची. लॅपटॉपचे हेडफोन-माइकचे भोक या कामाचे नाही. मिक्सरमधून येणारी पातळी त्याला झेपत नाही आणि आवाज फाटतो. लॅमिंग्टन रोडवर दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस सहज मिळतो, तो घ्यावा.

वायर जोडली की हमखास पहिली तक्रार येते ती गुणगुणीची : ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा सलग घुमा. खात्री करायची साधी पद्धत म्हणजे लॅपटॉपचा चार्जर काढून पाहणे. घुमा थांबला तर समजावे की मिक्सर आणि लॅपटॉप यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे आणि ध्वनीच्या वायरीतून तो फरक वाहतो आहे. उपाय म्हणून काही जण प्लगची तिसरी पिन काढून टाकतात. ओल्या मांडवात हे जिवावर बेतू शकते, ते कधीही करू नये. ध्वनीच्या वायरीत विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा. तो दोन्हीकडची अर्थिंग अलग ठेवतो आणि ध्वनी तेवढा पुढे जाऊ देतो. त्याची किंमत किरकोळ आहे आणि फायदा कायमचा.

पातळीबाबत एकच नियम पाळावा : नेहमीचे बोलणे मीटरवर −१८ डेसिबलच्या आसपास आणि मोठ्यात मोठी टाळी −६ च्या खाली. वक्ता भरात आला की आवाज चढतो, आणि शून्याला धडकलेला आवाज मागाहून दुरुस्त होत नाही.

नंतर जोडणी. मांडवातून मोबाइल डेटावर प्रसारण करू, हा विचार लालबाग-परळच्या माणसाने तरी मनात आणू नये. लालबागच्या राजाच्या रांगेत किंवा अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर फोन लावून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि काहीच पुढे सरकत नाही. मनोऱ्याची क्षमता त्या वेळी हजारो फोनांत वाटलेली असते, आणि सोर्सला लागणारा सलग अपलोड तिथे मिळत नाही. त्यासाठी वायरची जोडणीच हवी, मोबाइलची सोय दुसरी म्हणून ठेवावी.

आपल्या भागात ही वायर येते कशी, हेही पाहावे. पुष्कळ जुन्या इमारतींत स्थानिक केबलचालकाची फायबर गच्चीवरून गच्चीवर येते आणि जिन्यातल्या एका पेटीत तिचे वाटप होते. आपल्या खोलीत यूपीएस आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरही त्यावर लावला आहे, पण जिन्यातल्या त्या पेटीची वीज गेली तर हे सगळे व्यर्थ. दुसरी जोडणी घेताना कंपनी वेगळी असणे पुरेसे नाही, तिची वायर वेगळ्या मार्गाने येते का ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. दोन्ही एकाच खांबावरून आल्या असतील तर रस्त्याच्या एका खोदकामात दोन्ही जातील.

एवढे करूनही सोर्स कधीतरी तुटणारच. त्यासाठी आइसकास्टमध्ये पर्यायी माउंटची तरतूद आहे. मूळ माउंट गेला की श्रोते न तुटता दुसऱ्या प्रवाहाकडे वळवले जातात, आणि मूळ परत आला की मागे आणले जातात. दुसऱ्या प्रवाहात आधी ध्वनिमुद्रित केलेले कार्यक्रम ठेवावेत, तेही सर्व्हरवरच, म्हणजे गिरगावची वीज गेली तरी केंद्र बोलत राहते. दोन्ही प्रवाहांचे कोडेक, बिटरेट आणि नमुना-वारंवारिता एकच असली पाहिजे. नाहीतर बदलाच्या क्षणी कित्येक प्लेअर गप्प होतात.

पण यापेक्षा खोल अडचण पुढे आहे. मिक्सरची वायर सैल झाली, लॅपटॉप मात्र चालू आहे. आता सोर्स सर्व्हरला शांततेचे अचूक कोडीकरण पाठवत राहतो. बाइट वेळेवर येत आहेत, जोडणी शाबूत आहे, म्हणून आइसकास्टच्या लेखी सर्व काही सुरळीत आहे. पर्यायी माउंट कामाला लागत नाही, कारण मूळ तुटलेलेच नाही. सर्व्हर बाइट मोजतो, त्याला ऐकू येत नाही. म्हणून सोर्स आणि सर्व्हर यांच्यामध्ये ऐकणारा एक घटक लागतो. ‘लिक्विडसोप’ हे मोफत सॉफ्टवेअर ते काम करते. ठरवलेल्या पातळीखाली ठरवलेल्या सेकंदांपेक्षा अधिक काळ आवाज राहिला, की ते त्या सोर्सला बाजूला करून दुसरा घेते. मर्यादा किती ठेवायची याला विचार लागतो. वक्त्याचा विराम पाच-सात सेकंदांचा असू शकतो, आणि विलंबित ख्यालात तानपुरा एकटा घुमत असतो तेव्हा पातळी खूप खाली जाते. मी पातळी −४० डेसिबल आणि काळ वीस सेकंद इथून सुरुवात करेन आणि पुढे कार्यक्रमानुसार बदलेन. लहान केंद्रांत हा घटक सर्रास वगळला जातो, आणि माझ्या मते ती उभारणीतली सर्वांत मोठी उणीव असते.

किती बिट, कशासाठी

बिटरेट ठरवताना आधी कार्यक्रम काय आहे ते पाहावे. गिरगाव-दादरच्या केंद्रावर नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या असणारच. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, ध्वनी मोनो, आणि वरच्या वारंवारिता फारशा नोंदलेल्याच नाहीत. तो स्टिरिओत पाठवण्याने काहीच साधत नाही. मोनो ६४ किलोबिट एमपी३ त्याला पुरते. मात्र तबकडीची खरखर ही यादृच्छिक असते, आणि कोडीकरणाला यादृच्छिक गोष्टी सर्वांत महाग पडतात. सुयांच्या ओरखड्यांवरच बिट खर्च होतात आणि गाणाऱ्याच्या आवाजाला कमी उरतात. म्हणून कोडीकरणापूर्वी खरखर हलकेच कमी करावी. हलकेच, कारण जास्त पुसले तर ऑर्गनचा वरचा स्वर आणि टाळांचा नादही पुसला जातो.

नव्या मैफलीचे प्रसारण असेल तर १२८ किलोबिट स्टिरिओच्या खाली येऊ नये. कमी बिटमध्ये तानपुऱ्याच्या स्वयंभू स्वरांचा पट्टा पाण्यात बुडाल्यासारखा हेलकावतो, आणि ज्याचे कान तयार आहेत तो लगेच प्लेअर बंद करतो. निव्वळ भाषणाला ‘ओपस’ या २०१२ साली प्रमाणित झालेल्या कोडेकमध्ये २४ किलोबिटही चालते, पण सगळे जुने फोन आणि रेडिओ-संच तो समजत नाहीत. एमपी३च्या पेटंटांचा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये संपला, आणि हा कोडेक सगळीकडे वाजतो. आजीच्या फोनवर चालले पाहिजे असा निकष धरला तर मुख्य प्रवाह एमपी३चाच असावा.

समुद्रापलीकडचे श्रोते

अशा केंद्राचे बरेच श्रोते दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत असतात. मुंबईतून निघणाऱ्या समुद्री केबलींच्या जोरावर ते ऐकतात, आणि त्या केबलीही तुटतात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ आणि ‘फ्लॅग’ या दोन केबली तुटल्या, तेव्हा भारताचे इंटरनेट कित्येक दिवस खुरडत होते. यावर आइसकास्टची रिले-व्यवस्था उपयोगी आहे. परदेशात दुसरा लहान सर्व्हर घ्यावा. तो मुंबईच्या सर्व्हरकडून एकच प्रवाह ओढतो आणि तिथल्या सगळ्यांना तिथूनच वाटतो. समुद्राखालून तीनशे प्रतींऐवजी एक प्रत जाते. ६४ किलोबिटचा एक धागा खराब दिवशीही तग धरतो.

हक्क आणि नोंदी

लहरींचा परवाना लागत नाही, याचा अर्थ गाण्यांचाही लागत नाही असा होत नाही. कॉपीराइट कायद्याच्या ३१ड कलमाखाली रेडिओ केंद्रांना ठरलेल्या दराने वैधानिक परवाना मिळतो. इंटरनेटवरच्या सेवांना तो लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात एप्रिल २०१९ मध्ये दिला आणि खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तो कायम केला. म्हणजे शब्द-चालींसाठी एक आणि ध्वनिमुद्रणासाठी दुसरी, अशा दोन्ही परवानग्या स्वतः मिळवाव्या लागतात.

इथे जुने नाट्यसंगीत मदतीला येते. लेखक आणि संगीतकारांचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर साठ वर्षे. ‘मानापमान’चे नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. ‘स्वयंवर’ला चाली देणारे भास्करबुवा बखले तर १९२२ सालीच गेले. ही पदे आता मुक्त आहेत, आणि १९६० पूर्वी प्रकाशित झालेल्या त्यांच्या तबकड्याही. त्याच पदाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण मात्र मुक्त नाही. ‘गीतरामायण’ही नाही : माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. केंद्राने प्रत्येक ध्वनिफितीपुढे लेखकाच्या मृत्यूचे, संगीतकाराच्या मृत्यूचे आणि प्रकाशनाचे अशी तीन साले लिहून ठेवावीत.

श्रोत्यांच्या नोंदींबाबतही धोरण हवे. सर्ट-इन या सरकारी संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तेवढ्या जपाव्यात, आणि नंतर त्या आपोआप पुसल्या जातील अशी सोय पहिल्याच दिवशी करावी. कोण काय ऐकते याची यादी वर्षानुवर्षे साठवायला वाचनालयाला काही कारण नाही. आकडेवारीसाठी दिवसाचा सर्वोच्च श्रोतासंख्येचा आकडा पुरतो.

रोजच्या देखरेखीसाठी केंद्राबाहेर, दुसऱ्याच जोडणीवर, एक छोटा प्रोग्राम ठेवावा. त्याने दर पाच मिनिटांनी सामान्य श्रोत्यासारखे जोडून घ्यावे, दहा सेकंद ऐकावे, पातळी मोजावी आणि आवाज नसेल तर दोघांना संदेश पाठवावा. दोघांना, कारण एकाचा फोन बंद असतो. सर्व्हरचे पासवर्ड, भाडे भरण्याची तारीख आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख याही त्या दोघांकडे कागदावर लिहिलेल्या असाव्यात. पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी पासवर्ड बदलून कागद नव्याने लिहावा.